प्रमुख वक्त्यांचा परिचय

जळगावात संगणकाचा पहिला क्लास काढला तो अभिमन सरांनी. ही गोष्ट कोणी विसरलंच तर सर स्वतः आठवण करून द्यायचे. केळी व्यापाऱ्यांच्या वजनाचा आणि बिलांचा प्रोग्रॅमही त्यांचाच. त्यामुळे शहाण्णव साली गावातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून ‘खान्देश सॉफ्टवेअर परिषद’ भरवायचं ठरवलं, तेव्हा मुख्य भाषण कोणाचं हा प्रश्न सरांना पडलाच नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला, पुष्पाबाईंना, सांगून टाकलं, “औंदा भाषण मन्हं शे. आखाजीले माहेरले नको जाऊ, आयकाले थांब.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेर चुकवणं म्हणजे काय, हे खान्देशातल्या बाईला विचारावं. झोके गेले, गाणी गेली, वर्षाच्या मैत्रिणी गेल्या. तरी पुष्पाबाई थांबल्या. नवरा एवढ्या मोठ्या स्टेजवर उभा राहणार, तर समोर आपण नको?

आणि मग परिषदेचे अध्यक्ष मोतीलालशेठ हसत हसत क्लासवर आले. “सर, नशीब काढलं आपण! मुख्य भाषणाला छगनराव येताहेत, पुण्याहून. तुमच्याच गावचे ना? परिचय तुम्हीच करून द्या. आणि हॉटेल नको म्हणाले, तुमच्याकडेच उतरतील.”

जखमेवर मीठ चोळायचं तर असं चोळावं! सर तोंडानं “वा वा” म्हणाले आणि आतून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. छगन! पाचोऱ्याजवळच्या एकाच गावचे दोघं, धुळ्याला कॉलेजात एकाच खोलीत राहिलेले. छगनला फळ्यावरचं कळायचं नाही, तेव्हा सर त्याला समजावून सांगायचे. तोच छगन पुण्याला गेला, कंपनीत लागला, त्यानं लिहिलेले प्रोग्रॅम आता अमेरिकेतल्या बँकांत चालत होते. सरांचा प्रोग्रॅम शेजारच्या सावद्याच्या पुढे गेला नव्हता. सरांना हेवा वाटायचा, रोज वाटायचा, आणि इतक्या वर्षांत त्याची सवय काही झाली नव्हती.

घरी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं की पाहुणा येतोय, तोही थोडं बोलेल. बदललेलं काही सांगितलं नाही. कारण तोवर त्यांच्या डोक्यात एक युक्ती शिजली होती. भाषण दुपारी तीनला, तेही वैशाखात. त्याआधी छगनला असं जेवू घालायचं की स्टेजवर त्याची मान पडली पाहिजे. वक्ता झोपला की माइक कोणाच्या हातात? परिचय करून देणाऱ्याच्या. आपलं भाषण त्यांनी तयार करून ठेवलंच होतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंनी खापर चुलीवर चढवलं. रुमालाएवढे मोठे पुरणाचे मांडे, वर तुपाची धार आणि वाटीत नव्हे, पातेल्यात आमरस. छगन ताटावर बसला आणि लहान मुलासारखा खुलला. “वहिनी, पुण्याला असं कोण करतंय?”

दुसऱ्या मांड्यानंतर त्यानं हात आडवा धरला. सर म्हणाले, “तुले मन्ही आन शे. आखो एक ले.”

“तू लेशी तं मी लिसू,” छगन म्हणाला.

इथे सरांची युक्ती सरांनाच चावली. खान्देशात शपथ घालणाऱ्याचं ताट रिकामं राहत नाही. छगनला एक वाढला की सरांना एक. छगन आनंदानं खात होता, सर द्वेषानं खात होते, आणि पुष्पाबाई दोघांना सारखंच वाढत होत्या. शेवटी छगनला उठायला हाताचा आधार लागला, आणि सरांच्या पॅन्टचं बटण सदऱ्याखाली उघडंच राहिलं.

पण युक्ती फळली! हॉल गच्च भरला होता, पंखे गरम वारा फेकत होते. सत्कार झाला, शाल-नारळ झाला, आणि शाल अंगावर घेऊनच छगनची हनुवटी छातीला टेकली. सर मात्र टक्क जागे होते. मत्सराला वामकुक्षी लागत नाही. मोतीलालशेठ घाबरून त्यांच्या कानाशी लागले, “सर, थोडं ओढा. त्यांना जाग येईस्तोवर ओढा.”

सर माइकपुढे आले. तिसऱ्या रांगेत पुष्पाबाई नव्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता बोलायचं ते आपलं, फक्त आपलं.

“मित्रहो, सत्त्याऐंशी साली मी जळगावात क्लास काढला,” सर म्हणाले. पुढचं वाक्य आपसूक आलं, “त्याच वर्षी छगनला पुण्यात नोकरी लागली. पगार किती, तर माझ्या साऱ्या क्लासच्या फीपेक्षा जास्त!” लोक हसले. सर पुन्हा आपल्याकडे वळले. “मग मी केळीच्या बिलांचा प्रोग्रॅम लिहिला. तो चालेना. छगनचा पहिला प्रोग्रॅमही चालला नव्हता, पण तो रात्र रात्र ऑफिसात बसला. त्याच्या आईनंच मला सांगितलं.” सरांनी कॉम्प्युटर घेतला, ते साल छगन अमेरिकेला गेल्याचं. सरांचं घर झालं, ते छगनच्या घरानंतर. सर आपला एकेक दिवस उचलायला जात, आणि प्रत्येक दिवसाच्या खाली छगन निघे. छगन काय शिकला, कुठे हरला, कोणाशी भांडला, कसा वर आला, हे सरांना तोंडपाठ होतं. रोज मोजलेलं माणूस विसरत नाही. हॉल रंगून ऐकत होता. सरांना थांबायचं होतं, आणि थांबता येत नव्हतं.

टाळ्यांच्या कडकडाटानं छगन जागा झाला. शेवटचं थोडं त्याच्या कानावर पडलं असावं, कारण तो डोळे पुसत उठला आणि त्यानं सरांना मिठीच मारली. मग त्यानं माइक हातात घेतला. “माझ्यावर एवढं प्रेम कोणी केलं नाही,” एवढं म्हणून तो भाषणाला लागला. आणि बरा बोलला, हेही सरांना ऐकावं लागलं.

मोतीलालशेठ आभार मानताना म्हणाले, “असा परिचय जळगावनं आजवर ऐकला नव्हता. अभिमन सरांनी जन्मभर परिचयच करून द्यावेत!”

पाहुण्याला गाडीत बसवून दोघं पायी घरी निघाले. सरांच्या पोटात मांडे अजून तसेच बसले होते. घराचं कुलूप काढताना पुष्पाबाई म्हणाल्या,

“भाषण भारी व्हयनं. पन आखाजीनं माहेर सोडीसन मी जे आयकाले थांबनू, त्यामा तुम्ही कोठे व्हतात?”