मौनाचा चौथा दिवस

मठात सगळ्याजणी या सिस्टरांना प्रेमाने ‘लाऊडस्पीकर’ म्हणत. त्या प्रार्थनाघरात पुटपुटल्या, तरी प्रार्थना कुठवर आली ते स्वयंपाकघरात कळे. अशा बाईने वर्षातून आठ दिवस चकार शब्द न काढता नुसतं देवाचं ऐकायचं, हा मठाचा नेम म्हणजे देवाचीच परीक्षा होती.

यंदा तर त्यांनी स्वतःच घोळ घातला. कामगार अधिकाऱ्यांकडे सुनावणीची तारीख ठरवताना मठाचं कॅलेंडर पाहायचंच राहिलं, आणि सुनावणी नेमकी मौनाच्या चौथ्या दिवशी आली.

सुनावणी चुकवण्यासारखी नव्हतीच. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत अकरा बायका राबत. चादरी चोरीला जातात म्हणे, म्हणून मॅनेजर पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप ठोके. चोर कोण ते देव जाणे, कोंडल्या मात्र बायका! गेल्या महिन्यात घड्या घालणारी पोर वाफेने बेशुद्ध पडली, तरी दार उघडेना. ते कुलूप निघावं, एवढीच मागणी होती. पाच वर्षं या बायकांच्या वतीने सिस्टरच तावातावाने भांडत आल्या होत्या. बायका मागे उभ्या राहून माना हलवत.

हे ऐकून मठाच्या प्रमुख मदरनी कपाळावर हात मारला. “तिथे खुशाल बोला. ते बोलणंही प्रार्थनाच आहे. पण बसमध्ये गप्पा नकोत हं!”

कायद्याच्या कलमांनी भरलेली चार पानं घेऊन सिस्टर कचेरीत पोचल्या. बायका आधीच बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. अधिकारी मॅडमनी विचारताच मॅनेजर गोड हसला.

“कुलूप कसलं, मॅडम? नुसती कडी असते. ती पण यांच्याच सुरक्षेसाठी.”

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तोंड उघडलं, तोच थोरल्या इस्त्रीवालीने त्यांचा दंड धरला.

“सिस्टर, नाही! तुमचं मौन आहे ना? आमच्यापायी नेम मोडू नका.” आणि ती मॅडमकडे वळली. “मॅडम, यांना आठ दिवस बोलायचं नसतं. आम्हीच सांगतो.”

मदरची परवानगी आहे, एवढंच सिस्टरांना म्हणायचं होतं. पण थोरली उभी राहिली होती. पदर खोचून ती मॅडमच्या टेबलापाशी गेली. सिस्टरांनी ओठ घट्ट मिटले. पाच वर्षांत एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

“कडी म्हणे! ही पडली तेव्हा किल्लीची वाट बघत वीस मिनिटं गेली. किल्ली यांच्या खिशात, आणि हे जेवायला गेलेले!”

“दार बडवून माझे हात सुजले होते,” धुलाईवाली म्हणाली. मग सगळ्याच बोलू लागल्या. मॅनेजर कोणाकोणाला उत्तर देणार?

शेवटी मॅडमनी त्या घड्यावालीलाच विचारलं. तिचा आवाज सिस्टरांनीही आजवर धड ऐकला नव्हता. ती म्हणाली, “मला फक्त दारापर्यंत जायचं होतं.”

सिस्टरांच्या चार पानांत हे वाक्य कुठेच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आपण यांच्यासाठी बोलत होतो, पण यांना बोलू कधी दिलं, हा प्रश्न त्यांना खरोखर टोचला.

मॅडमनी आदेश लिहिला: कुलूप आजच काढायचं, निरीक्षक सोबत जाईल. मॅनेजरचा चेहरा खर्रकन उतरला.

बाहेर पडताच बायकांनी एकच गलका केला. सिस्टर हसत होत्या, डोळे पुसत होत्या. तेवढ्यात घड्यावालीने त्यांचा हात धरला आणि अगदी मनापासून म्हणाली,

“सिस्टर, पुढच्या सुनावणीची तारीख पण मौनातलीच घ्या हं!”