तुयाराबाईंची सळई

मी तुयाराबाईंची सळई बोलतेय. दोन मीटर लांब, बोटाएवढी जाड, अंगावर मापाच्या खुणा. सैबेरियातल्या आमच्या याकुतियात उन्हाळ्यात वरची माती तेवढी विरघळते. खाली बारमाही गोठलेली जमीन. बाई भूगोलाच्या संशोधक. त्या मला मातीत दाबायच्या, बर्फाला टेकले की मी थांबायचे. एकतीस वर्षं आम्ही हेच केलं.

बाई तरुण असताना गावाने शाळेसाठी जागा विचारली. मी ऐंशी सेंटिमीटरवर थांबले.

"खुशाल बांधा. शंभर वर्षं हलायची नाही!" बाई म्हणाल्या.

पण उन्हाळे तापत गेले. गेल्या सप्टेंबरात शाळेची दारं लागेनाशी झाली. बाईंनी मला भिंतीलगत दाबलं. ऐंशी, एकशेवीस, दीडशे... मी मुठीपर्यंत आत गेले. बर्फ नव्हताच.

"प्रोकोपी, मुलांना बाहेर काढा!"

"चाचणी चाललीय, बाई," मुख्याध्यापक वैतागले. "आणि ही जागा दाखवली कुणी? तुम्हीच ना?"

"मीच. चुकले. आधी मुलं काढा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला."

तेवढ्यात स्वयंपाकीण अक्सिन्या बाहेर आली. "दोन दिवस माझं माशांचं सार पातेल्यात एका अंगाला जातंय. मला वाटलं, माझेच डोळे गेले!" कुणाला न विचारता तिने घंटा बडवली.

सुट्टी मिळाली म्हणून मुलं नाचत पटांगणात आली. तास गेला. काही झालं नाही. पालक कुजबुजू लागले.

"काय बाई, घ्यायचे का वर्ग?" प्रोकोपी खवचटपणे म्हणाले.

मी अजून मातीतच रुतलेली होते. भोवतीचा चिखल सरकताना मला जाणवत होता, पण सांगणार कुणाला?

मग कडाडलं. चौथीच्या वर्गाचा कोपरा खाली बसला, भिंत माझ्यावर आली.

अहवालात बाईंनी पहिलीच ओळ लिहिली : 'ही जागा मी निवडली होती.' वरिष्ठ म्हणाले, खोडा. त्यांनी खोडली नाही.

भिंतीखालून निघाले ती वाकडी होऊन. आता बाईंच्या ओसरीत पडून असते. परवा प्रोकोपी टोपी हातात घेऊन दारात आले. "बाई, नवी शाळा कुठे बांधू?"

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. "मोजावं लागेल. बांधल्यावरसुद्धा, दरवर्षी."

माझ्या जागी नवी, सरळ सळई आलीय. माणसांनो, तिला विचारत राहा. शाळेच्या जागेचं मला तुम्ही एकदाच विचारलंत.