घरच्यांना न द्यायचं औषध

आमचे हे हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकले आणि पेडगावात स्वतःचा दवाखाना थाटून बसले. गावाने त्यांना ताप दिला, खोकला दिला, पण कावीळ काही दिली नाही. डोळे पिवळे झाले की माणूस सरळ मनकर्णाबाईंच्या ओट्यावर. मला भारी राग यायचा. हे मात्र त्याच ओट्यावर जाऊन बसू लागले आणि म्हणाले, बाईंचं औषध नीट पारखून पाहायला हवं. मी म्हटलं, मग पाटा-वरवंटाही शिकून घ्या.

मनकर्णाबाई विधवा, घरात एवढीशी नात तानू. मुलगा भुजंग आम्ही येण्याआधीच वारलेला. कशाने, हे आम्ही कधी विचारलं नाही. रोज सकाळी औषध वाटून दवाखान्यात आणून द्यायला त्या कबूल झाल्या, पण त्यांच्या गुरूने दोन नेम घालून दिले होते. झाड कुणाला दाखवायचं नाही, आणि औषध स्वतःच्या घरात द्यायचं नाही. घरात दिलं तर उलटतं.

हे निम्म्या रोग्यांना आपल्या औषधाबरोबर बाईंचं द्यायचे, निम्म्यांना नुसतं आपलं. वर्षभरात फरक माझ्यासारखीलाही दिसायला लागला. बाईंचं औषध घेतलेले लवकर उठून शेताला लागायचे, आणि त्यांच्यातलं कुणी दगावलं नाही. हे हरखून गेले. हे औषध सगळ्या सरकारी दवाखान्यांत चालू करा, असं हैदराबादला कळवायचं ठरलं. बाईही पहिला नेम मोडून झाड दाखवायला तयार झाल्या होत्या.

तेवढ्यात तानूला कावीळ झाली. बाई तिला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तुमचंच द्या, माझं नको. पोर खालावत चालली, तेव्हा यांनी न सांगता बाईंचंच औषध आपल्या लाल औषधात मिसळून पाजलं. मीच बाटली हलवून दिली. आठवड्यात तानू भाकरी मागू लागली, आणि यांना काही राहवेना. यांनी हसत हसत बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी लाल औषधाची बाटली उचलून पाहिली.

"माझ्याच हातचं?"

"तुमच्याच, मावशी."

"अन् उलटलं न्हाई?"

"कुठं उलटलं? बघा की, खेळतेय पोर."

बाई भिंतीला धरून खाली बसल्या. "भुजंगालाबी कावीळच व्हती. पाट्यावर औषध वाटून तयार व्हतं. त्यो मागत व्हता. म्या दिलं न्हाई."

यांचं हसू तसंच अर्धवट तोंडावर राहिलं.

"दिलं असतं तर जगला असता का, डॉक्टरसाब?"

आमच्या यांना खोटं बोलता येत नाही. मरणाऱ्या माणसालाही खरं सांगतात, त्यावरून मी कितीदा भांडले आहे. तेच हे क्षणभर माझ्याकडे पाहून बाईंना म्हणाले, "नाही. तुमच्या औषधात काही नाही, मावशी. नुसतं पाणी आहे ते. तानू माझ्या औषधानं बरी झाली."

सारं वर्ष त्यांनी एका वाक्यात मातीत घातलं होतं. बाई खूप रडल्या, मग डोळे पुसून, लय उपकार झाले म्हणाल्या आणि तानूला कडेवर घेऊन गेल्या. मला यांचा इतका अभिमान वाटला की रागवायचंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी औषध आलं नाही. दुपारी पोखर्णीची एक बाई बैलगाडीतून आली, डोळे हळदीसारखे पिवळे. तिला मनकर्णाबाईच हाताला धरून दवाखान्यात घेऊन आल्या. "माझ्याकडं काय न्हाई बाई, नुसतं पानी हाय," त्या तिला समजावत होत्या. "डॉक्टरसाबांनी सोता सांगितलंय."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या एका बाईपुरतं वाटून द्या, असं ते बोलून गेले. बाईंनी मान हलवली. मग यांनी हात जोडले. निदान झाड तरी दाखवा म्हणाले.

"पान्याचं झाड बघून काय करता, साब?" मनकर्णाबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवांत दिसत होता.

यांनी जोडलेले हात खाली घेतले. पोखर्णीची बाई खाटेवर बसून यांच्या लाल औषधाची वाट पाहत होती.