बंद गिरणीचं बिल

"बंद गिरणीचं बिल कसलं हो? महिनाभर पट्टा हलला नाही की मोटार गुरगुरली नाही!" गिरणीवालीनं कागद वीज कचेरीतल्या कारकुनापुढं आपटला.

कारकून तसा बरा माणूस. म्हणाला, "वहिनी, वापर शून्यच धरलाय. हा स्थिर आकार. गिरणी फिरो न फिरो, तो लागतोच."

"म्हणजे म्हैस आटली तरी वैरण सुटत नाही, असंच ना?"

"अगदी तसंच."

पोती उचलून नवऱ्याची पाठ गेली, तेव्हापासून गिरणी तीच ओढत होती. दुकानात तयार पिठाच्या पिशव्या आल्या आणि दळणं निम्म्यावर आली. दीर म्हणाला, "वहिनी, चार डब्यांसाठी कशाला जीव काढता? ठेवा बंद, तेवढाच खर्च वाचेल." तिला पटलं. पण जागेचं भाडं थांबलं नाही आणि विजेचं हे असं. थांबली ती फक्त मिळकत.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "अगं, मग उघड उद्याच. दहा डबे आले तर दहांवर बोजा वाटला जाईल."

"आणि दोनच आले तर?"

दुसऱ्या दिवशी तिनं गिरणी उघडली.

दोनच आले. महिनाभरात लोकांचे पाय शेजारच्या गावातल्या मोठ्या गिरणीकडं वळले होते. तिनं किलोमागं रुपया वाढवला, तर डबे आणणाऱ्या त्या दोघीही तुटल्या. त्यातली एक शेजारीण रडवेली होऊन म्हणाली, "तुझं चूक नाही गं, पण मलाही घर चालवायचंय."

चार महिने तिनं रेटलं. मग यंत्र भंगाराच्या भावात गेलं. थकलेलं भाडं आणि बिल भागलं, हातात उरलं ते नवऱ्याच्या गोळ्यांपुरतं.

आता ती त्याच मोठ्या गिरणीत रोजावर डबे उचलू लागली. एके दिवशी चार मैल चालून पोहोचली, तर मालक दारातच म्हणाला, "बाई, आज दळणं नाहीत. घरी जा."

"आणि आजचा रोज?"

"कामच नाही, तर रोज कसला?"

ऊन डोक्यावर घेऊन ती परतली. नवऱ्यानं उशीवरून मान वळवली.

"आज लवकर?"

"हं," म्हणत तिनं पिठाचा डबा खरवडला आणि एकाच माणसापुरतं पीठ मळायला घेतलं.