अडीच इंच

वडिलांनी गळ्यातली टेप काढली, गाडीपाशी वाकले आणि चाकापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजून म्हणाले, "पावणेचार."

"सव्वावर आणायचंय," चिरंजीव म्हणाले.

गाडी अडीच इंच खाली बसवली की आपल्याला काय काय मिळणार, याचा चिरंजीवांचा हिशेब पक्का होता. वळणावर गाडी रस्ता धरून राहणार होती. उभी असतानाही पळतेय असं वाटणार होतं. आणि मुख्य म्हणजे रविवारी सकाळी मैदानाकडेला जी हौशी मंडळी जमत, त्यांच्यात पत वाढणार होती. ही मंडळी चाकावरच्या फटीत बोटं घालून माणूस जोखत. चार बोटं गेली की, "कंपनीची आहे वाटतं," असं अगदी सभ्यपणे म्हणत. तो सभ्यपणा चिरंजीवांना आठवडाभर टोचे. विमा कचेरीत त्यांनी चौदा वर्षं कारकुनी केली होती. तिथली खुर्ची, टेबल, अगदी दोरीला बांधलेलं पेनसुद्धा सगळ्यांचं सारखंच. एक तरी वस्तू अशी असावी की ती बघून लोकांनी मालक कोण म्हणून विचारावं, एवढीच काय ती त्यांची मागणी.

"कंपनीतल्या इंजिनिअरांना जी अक्कल नव्हती, ती नेमकी आपल्या घरात जन्माला आली," सून ओट्यापासून म्हणाली.

वडिलांनी मुलाची बाजू घेतली. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेला माणूस.

"अगं, तयार सदरासुद्धा खांद्यात उसवावा लागतोच. कंपनी सगळ्यांच्या मापाचं शिवते, म्हणजे कुणाच्याच मापाचं नाही."

"सदरा उसवायला दोन महिन्यांचा पगार लागत नाही, बाबा."

"हौसेला मोल नसतं," वडील म्हणाले आणि मडगार्डला धरून उठले. उठायला त्यांना दोन हिसके द्यावे लागले. तिथे चिरंजीवांचं लक्ष नव्हतं. ते मिस्त्रीला फोन लावत होते.

रविवारी दुपारी चारला वडिलांना आत्याकडे नेण्याचा परिपाठ होता. आत्या त्यांची थोरली बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीजवळ राहायची. वाटेत सात गतिरोधक. स्प्रिंगा बदलल्यावरच्या पहिल्याच रविवारी, पहिल्याच गतिरोधकावर, गाडीच्या पोटाखालून खर्रर्र आवाज आला. आपल्याच पाठीवरून कुणी खवणी फिरवावी, असा चिरंजीवांचा चेहरा झाला.

"बाबा, पुढच्याला जरा उतरता का? गाडी हलकी झाली की निघते. पलीकडे गेलं की बसा."

वडील उतरले. एक पाय बाहेर, मग थोडा दम, मग दाराची चौकट धरून दुसरा. गतिरोधक ओलांडून ते पलीकडे गेले आणि पुन्हा बसले. बसले कसले, पडलेच. सीट आता पार जमिनीला टेकली होती. पोचेपर्यंत असं सहा वेळा झालं आणि परतताना सात वेळा.

आत्या फाटकातच उभी होती. शेवटच्या गतिरोधकावरची कसरत तिला तिथून दिसली होती.

"काय रे, गाडीतून आलास की गाडीबरोबर?"

"फुकटचा व्यायाम गं अक्का," वडील म्हणाले. सगळे हसले. चिरंजीवही हसले.

तिसऱ्या रविवारी वडील चपला घालून, सुट्टे पैसे मोजत उंबऱ्यात उभे होते.

"आज बसने जातो म्हणतो. तुलाही मोकळीक."

"दारात गाडी असताना बसने?" चिरंजीवांना ते लागलं. "लोक काय म्हणतील? मुलगा विचारत नाही म्हणतील. माझी लाज काढायचीय का, बाबा?"

वडिलांनी पैसे परत खिशात टाकले आणि गाडीत बसले. पुढच्या रविवारी मात्र म्हणाले, "आज राहू दे. ती दुपारची झोपते." त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचं तरी शिवण द्यायचं होतं. मग ऊन फार होतं. चिरंजीवांनी आग्रह केला, पण एकदाच. दुपार मोकळी मिळाली, हा वरकड नफा त्यांच्या मूळ हिशेबात नव्हता. मैदानाकडेची बैठक आता संध्याकाळपर्यंत लांबू लागली. फटीत एकच बोट गेलं, तेव्हा मंडळींतला सगळ्यात जुना गडी "वा!" म्हणाला. त्या एका "वा"वर चिरंजीवांचे चार महिने सुखात गेले.

पाचव्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी, आत्या गेली.

त्या दिवशी चिरंजीवांनी वडिलांना उतरायला सांगितलं नाही. सातही ठिकाणी पोट घासलं.

सगळं उरकल्यावर आतेबहीण वडिलांचा हात धरून त्यांच्याजवळ बसली.

"मामा, आई दर रविवारी चारला फाटकाची कडी काढून ठेवायची. साडेसहाला मी लावून यायचे. फोनवर बोललेलं तिला ऐकू यायचं नाही, तुम्हाला माहीत होतं. का हो येईनासे झालात?"

चिरंजीव पाण्याचा पेला घेऊन दारात उभे होते. वडिलांनी तिकडे पाहिलं नाही. ते गुडघ्यावरची विजारीची सुरकुती अंगठ्याने सपाट करत राहिले.

"आळस गं," ते म्हणाले. "म्हातारपणी माणूस आळशी होतो. आज जाऊ, उद्या जाऊ."

आतेबहिणीने आपला हात काढून घेतला. हळूच, पण घेतला.

चिरंजीव एक वाक्य बोलले असते तरी भागलं असतं. त्यांनी पेला पुढे केला.

"पाणी," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने जुन्या स्प्रिंगा उलटसुलट करून पाहिल्या. त्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"विकताय का, साहेब? विकणारेच पुन्हा कंपनीसारखी करतात."

"नाही."

"मग? एवढी नामी बसलीय. जेमतेम एक बोट जातं फटीत."

"काढा," चिरंजीव म्हणाले. बसवायला जेवढी मजुरी पडली होती, काढायलाही तेवढीच पडली.

घरी वडिलांनी टेप लावून पाहिली. "पावणेचार," ते म्हणाले आणि टेप गुंडाळली.

रविवारी चारला चिरंजीव म्हणाले, "चला बाबा, एक चक्कर मारून येऊ." वडील पहिल्या झटक्यात बसले. गाडी कुठे न्यायची ते काही ठरलं नव्हतं, पण ती त्याच रस्त्याला लागली. पहिला गतिरोधक दिसला, वेग कमी झाला आणि वडिलांचा हात दाराच्या खटक्यावर गेला.

"नको, बाबा. आता जाते."

"हो का?" वडिलांनी हात मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

गाडी अल्लद पलीकडे गेली. सातवा ओलांडल्यावर ते फाटक आलं. कडी लावलेली होती. आतेबहीण अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. तिने गाडी ओळखली आणि कपडे घेऊन ती आत गेली.

"थांबू?" चिरंजीवांनी विचारलं.

"कशाला?" वडील म्हणाले. "चल."

खाली बसवायचे पैसे चिरंजीवांनी भरले होते, वर उचलायचेही त्यांनीच भरले. त्या घरात आळशी म्हणून नाव मात्र अजून वडिलांचंच आहे.