आठ फूट कमी

मी मोजपट्टी बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका, कारण मोठ्याने बोलायची मला सवय नाही आणि तेवढा धीरही नाही. माझी लांबी चारशे फूट. म्हणजे होती. आता तीनशे ब्याण्णव आहे, आणि मला जे सांगायचंय ते त्या हरवलेल्या आठ फुटांबद्दलच.

मी मुळातच भित्री. कारखान्यात माझ्या पिवळ्या अंगावर एकेक आकडा छापत होते, तेव्हाही माझ्या मनात एकच धास्ती होती, एखादा आकडा चुकला तर? तपासणाऱ्या बाईंनी मला इकडून तिकडे पाहिलं, मान डोलावली आणि चकतीवर गुंडाळून खोक्यात घातलं. माणसं आपल्यावर किती चटकन विश्वास टाकतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मला विकत घेतलं एमेट सेडलाचेक यांनी. नेब्रास्कातल्या एका लहानशा गावातल्या हायस्कुलात ते इतिहास शिकवायचे आणि बेसबॉलच्या संघाचे कोच होते. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं की माझी चकती आपोआप घट्ट व्हायची.

बेसबॉलच्या मैदानाची एक गंमत आहे. आतला चौकोन सगळीकडे सारखा, तिथे इंचाचा फरक चालत नाही. पण बाहेरचं कुंपण ज्याचं त्याने आपल्या जागेप्रमाणे घालावं. कुणाच्या मागे रेल्वेचे रूळ, कुणाच्या मागे मक्याचं शेत, कुणाच्या मागे चर्चचं आवार. त्यामुळे आपल्या मैदानावर वाघ असलेला संघ दुसऱ्या गावात जाऊन शेळी होतो. वर कुंपणावर लांबीचे आकडे रंगवलेले असतात, आणि ते बहुतेक फुगवलेले. आपल्या पोरांचे फटके लांबचे दिसावेत म्हणून.

"रंगाऱ्याच्या आकड्यावर विसंबायचं नाही," कोच पोरांना सांगायचे. "माझी पट्टी बोलेल तेच खरं."

हे ऐकलं की मला घाम फुटायचा.

पण काम मी चोख करत होते, एवढं म्हणेन. दुसऱ्या गावात सामना असला की कोच दोन तास आधी पोहोचायचे. बॅटवाला जिथे उभा राहतो तिथल्या पांढऱ्या पाटीजवळ खिळा ठोकायचे, माझी कडी त्यात अडकवायचे आणि चकती घेऊन थेट कुंपणापर्यंत चालत जायचे. डावीकडे एकदा, मध्ये एकदा, उजवीकडे एकदा. वाऱ्याने मी फडफडायचे, तेव्हा मला बुटाने दाबून धरायचे. मग एका पुठ्ठ्यावर आकडे लिहून त्यावरून सगळा डाव ठरवायचे. मैदान लहान असलं तर चेंडू टाकणाऱ्याला सांगायचे, "गुडघ्याखाली टाक. इथे उंच गेला की कुंपणाबाहेर." मैदान मोठं असलं तर म्हणायचे, "आज कुणी ताकद दाखवायची नाही. बॅट नुसती टेकवा आणि पळत सुटा."

आणि मधल्या मैदानात उभ्या राहणाऱ्या लॉनी कुचेराला ते ढांगा मोजून द्यायचे.

लॉनी सतरा वर्षांचा, उंच, हरणासारखा पळणारा. त्याचं काम म्हणजे उंच उडालेल्या चेंडूवर डोळे लावून कुंपणाकडे धावत सुटायचं. मान खाली करून कुंपण बघायला वेळ नसतो. म्हणून पाटीपासून तीनशे फुटांवर, माझ्या तीनशेच्या आकड्यावर, तो चुन्याची खूण करून उभा राहायचा, आणि तिथून कुंपणापर्यंत किती ढांगा हे तोंडाने मोजत पळायचा. ढांग सहा फुटांची. "दहा आहेत," असं कोच म्हणाले की आठव्या ढांगेला त्याचा हात कुंपण चाचपायला पुढे जायचा आणि पाय हळू व्हायचे. त्या पोराला भीती ठाऊकच नव्हती. त्याच्या वाट्याचीही मीच भ्यायचे.

मग तो मार्चमधला दिवस आला. आमच्याच मैदानावर कोच मला पाटीपासून मधल्या कुंपणापर्यंत पसरून तशीच विसरून गेले. मैदानाची देखभाल करणारे विर्जिल तूमा गवत कापायच्या यंत्रावर बसून आले. गवत वाढलेलं, मी त्यात पडलेली. यंत्राचा आवाज जवळ येत गेला आणि मला हलताही येईना. तीनशे दहा ते तीनशे अठरा, एवढ्या माझ्या अंगाचा भुगा झाला.

विर्जिल खाली उतरले, टोपी काढली आणि नुसते बघत राहिले. साधा, अबोल माणूस. शाळेची बसही तेच चालवायचे. त्यांनी माझी दोन टोकं शोधली, एकमेकांवर ठेवून रिव्हेट ठोकले, वरून पिवळी चिकटपट्टी गुंडाळली. हात सफाईचा होता. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते कोचच्या खोलीत गेले.

"एमेट, ही तुझी पट्टी जरा कापली गेली माझ्याकडून. जोडलीय मी, पण—"

"माझ्या वस्तूंना हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं!" कोचनी टेबलावर हात आपटला. "हज्जार वेळा! जोडलीय ना? मग ठेव तिथे आणि जा."

विर्जिलनी मला ठेवलं आणि ते गेले. 'पण'च्या पुढचं वाक्य त्यांच्या घशातच राहिलं. मी टेबलावर पडून होते. मला ते वाक्य पाठ होतं, पण मला तोंड कुठे होतं?

त्यानंतर माझी झोप उडाली. पहिल्या बाहेरच्या सामन्यात कुंपण तारेच्या जाळीचं होतं. त्यावर डावीकडे तीनशे पंचवीस रंगवलेलं, मी दाखवले तीनशे तेवीस. कोच खूश. "दोनच फुटांची थाप! सज्जन गाव दिसतंय." खरी लांबी तीनशे पंधरा होती. डावीकडचा खेळाडू धावत जाऊन जाळीत आपटला, पाळण्यातून पडल्यासारखा गडगडला आणि हसत उठला. सगळे हसले. मला मात्र पुढचं दिसत होतं. सगळीच कुंपणं जाळीची नसतात.

मे महिन्यात जिल्ह्याचा अंतिम सामना लागला. जिंकलं तर राज्यस्पर्धा, आणि आमची शाळा तिथे एकोणीस वर्षांत गेली नव्हती. सामना मोरावा नावाच्या गावात. तिथे मैदानाच्या मध्यभागी कुंपण नव्हतंच. जुन्या बंद पडलेल्या लोणी कारखान्याची विटांची भिंत होती. तांबडी, उघडी, आदळणाऱ्याला वाचवायला गादीचा एक तुकडा नाही, भिंत जवळ आल्याचं पायांना कळावं म्हणून ठेवतात तो मातीचा पट्टाही अलीकडे नाही. थेट गवतातून वर उठलेली.

कोचनी खिळा ठोकला, कडी अडकवली आणि चालायला लागले. मी मनातल्या मनात हात जोडले. तुटू दे. याच क्षणी जोड सुटू दे. मी शक्य तेवढी ताणले, वारा होता, त्यात फडफडले. पण विर्जिलनी रिव्हेट फार इमानदारीने ठोकले होते. जोड हलला नाही.

भिंतीवर रंगवलेलं होतं, तीनशे बावन्न. मी दाखवले तीनशे साठ.

"कोच," लॉनी म्हणाला, "हे कसं काय? आकडा वाढवून लिहितात, कमी करून कोण लिहील?"

कोच भिंतीकडे बघत राहिले. आता यांना कळेल, आता हे मला उलटंपालटं करून बघतील, या आशेवर मी श्वास रोखला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ज्याला तू भिंतीला घाबरून पुढे उभा राहायला हवायस, तो लिहील! तू पुढे, मग यांनी चेंडू तुझ्या डोक्यावरून मागे टाकायचा. लबाड आहेत लेकाचे. पण आमच्याकडे पट्टी आहे. तुला दहा ढांगा आहेत लॉनी, पूर्ण दहा. बिनधास्त पळ."

"दहा," लॉनी म्हणाला आणि च्युइंगम चघळत खूण करायला गेला.

खऱ्या ढांगा साडेआठ होत्या.

विर्जिल बस लावून आले तेव्हा त्यांच्या हातात लॉनीच्या आईने बांधून दिलेले कोलाचे होते, जर्दाळू भरलेले गोड पाव. पोरांना वाटता वाटता त्यांनी कोचचा पुठ्ठा पाहिला. मग भिंतीवरचा आकडा पाहिला. हातातला कोलाचे तसाच राहिला.

"एमेट, जरा ऐकतोस का—"

"आत्ता नाही!"

दुसऱ्या डावानंतर ते पुन्हा आले. कोच पंचाशी भांडत होते. पाचव्या डावात ते बाकामागे येऊन उभे राहिले, दोनदा घसा साफ केला आणि परत गेले. मी बाकाखालच्या बादलीत होते. तिथून मला त्यांचे बूट दिसत होते, ते सारखे पुढे यायचे आणि मागे जायचे. बोला हो, मी मनात म्हणत होते. ओरडतील ते, ओरडू दे. ओरडण्याने हाडं मोडत नाहीत.

सातवा डाव, म्हणजे शेवटचा. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचा एक गडी धाव घ्यायला टपून तळावर, दोन बाद. आणि त्यांच्या धिप्पाड पोराने चेंडू असा हाणला की सगळं मैदान उभं राहिलं. चेंडू मधोमध, उंच, भिंतीकडे.

लॉनी फिरला आणि धावला. डोळे वर. मला त्याचा आवाज ऐकू येत होता, "तीन! चार! पाच!" बाकावरची पोरं त्याच्याबरोबर ओरडून मोजत होती. "सहा!"

"भिंत!"

तो आवाज विर्जिलचा होता. जन्मात कधी तो माणूस एवढ्या मोठ्याने बोलला नसेल. ते दोरी ओलांडून मैदानात धावत सुटले होते. "लॉनी, भिंत! आठ फूट कमी आहेत! थांब!"

"सात!" म्हणता म्हणता लॉनीने मान वळवली. थांबता आलं नाही. तो तिरका झाला आणि खांद्याने भिंतीवर आदळला. तो आवाज मी बादलीत ऐकला. अजूनही कधीमधी ऐकू येतो.

चेंडू गवतात पडला. त्यांच्या दोन धावा झाल्या आणि सामना संपला. आमच्याकडचं कुणीही धावफलकाकडे बघत नव्हतं.

खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मान वळवली नसती तर डोकं सरळ विटांवर गेलं असतं, असं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. कोच बाहेर बसमध्ये येऊन बसले. मी त्यांच्या मांडीवर. त्यांनी मला पहिल्यांदाच शेवटपर्यंत उलगडलं आणि बोटाने आकडे वाचत गेले. तीनशे नऊ, तीनशे दहा, तीनशे अठरा.

"मार्चमध्येच सांगणार होतो," विर्जिल म्हणाले. ते दारातच उभे होते. "तुझी आवडती पट्टी म्हणून..."

"अरे, पट्टीचं काय घेऊन बसलास! कोपऱ्यावरच्या दुकानात अशा ढीगभर लटकतात." कोचचा आवाज चढता चढता मोडला. "एवढा घाबरतोस मला?"

"सगळेच घाबरतात, एमेट."

कोच मला पुन्हा चकतीवर गुंडाळू लागले. दोनदा गुंडाळी त्यांच्या हातांतून सुटली. आजवर त्या हातांची मला भीती वाटायची. त्या दिवशी ते माझ्याहून जास्त भ्यालेले होते.

मग त्यांनी मोरावातल्या त्या आकड्याबद्दल विचारेल त्याला, अगदी लॉनीच्या आईलाही, टाळाटाळ न करता सांगितलं की रंगाऱ्याचं खरं होतं आणि आपलं चुकलं. माऊलीने त्यांना दारातच उभं ठेवून चांगलं झाडलं. त्यांनी ऐकून घेतलं.

माझं म्हणाल तर मी आता सामानाच्या खोलीत खिळ्यावर असते. माझ्या चकतीवर काळ्या रंगात लिहिलंय, 'आठ फूट खोटी. मोजू नका.' लाज वाटते का? नाही. उलट पहिल्यांदा निवांत झोप लागते. माझ्यावर आता कुणी विसंबून नाही. तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. माझ्या जातीच्या कुणाच्या भरवशावर पोराला पळायला सांगणार असाल, तर आधी तिला शेवटपर्यंत उलगडून वाचा. आम्हाला आपणहून सांगता येत नाही.

लॉनीचा खांदा जुळला. या वसंतात तो पुन्हा मैदानात आला. पण उंच चेंडू आला की तो पाचव्या ढांगेलाच थांबतो आणि कुंपण किती दूर आहे ते बघतो. चेंडू त्याच्या पुढे पडतो. कुणी ओरडत नाही. कोचही नाही. भीती आत शिरली की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

गेल्या सोमवारी विर्जिल गवत कापायचं यंत्र बंद करून मैदानात गेले आणि कुंपणाला पाठ लावून उभे राहिले.

"काय करताय मिस्टर तूमा?" लॉनीने विचारलं.

"मी इथे उभा राहतो. तू चेंडूकडे बघ. किती उरलं ते मी सांगतो."

"लागेल तुम्हाला. मी जोरात येतो."

"तर मग तू थांबशील, नाहीतर मी पडेन. चल."

त्या दिवशी लॉनी पाच वेळा अर्ध्यात थांबला. मंगळवारी चार वेळा. आज खोलीचं दार उघडं होतं आणि मला सगळं दिसत होतं. कोचनी चेंडू उंच उडवला, लॉनी फिरला आणि धावला, आणि तो अबोल म्हातारा हात पसरून, नसांना पीळ पडेपर्यंत ओरडत होता, "चार आहेत! ये! तीन! दोन! अरे ये, मी आहे! एक!"