साखरेवरचं पाणी

गेल्या हिवाळ्यापासून माझी सून माझ्या व्हिस्कीच्या बाटलीत पाणी घालत होती, तेही चोरून. पाणी घातल्याचं एक वेळ सोडा, पण मला ते कळत नाही असं तिला वाटत होतं, याचा मला जास्त राग होता.

मला, इमेल्डाला कळत नाही! माझा बाप डोंगराच्या घळीत चोरून दारूची भट्टी लावायचा. शेरीफची गाडी येते का ते बघायला मला झाडावर बसवायचा, म्हणून माझी शाळा सहावीत सुटली. पुढे चौतीस वर्षं मी गावच्या व्हिस्कीच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या पट्ट्यापाशी उभी राहिले. माझा नवरा अल्विन त्याच कारखान्याच्या गोदामात पिंपं लोळवायचा. लिहायला बसले की माझ्या चार चुका होतात, पण बाटली हातात घेतली की होत नाहीत. बाटली आडवी धरून एक झटका द्यायचा आणि उजेडात बघायचं. माल खरा असेल तर काठाला बुडबुड्यांचे टपोरे मणी धरतात आणि लगेच फुटतात. पाणी पडलं असेल तर बारीक फेस येतो आणि भांडी घासताना येतो तसा रेंगाळतो. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाच्या हातात बाटली द्या, प्यायच्या आधी तो ती हलवणारच.

डार्लाला हे कुठून माहीत असणार? ती खाली टेनेसीची, बाप्टिस्ट. त्यांच्याकडे दारूचा थेंब पाप. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे पाद्रीसुद्धा प्रार्थना आटोपली की पडवीत बसून एक ग्लास घेतो. माझा मुलगा रसेल हिला लग्न करून घेऊन आला तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की पोरगी बरी आहे पण वाळत घातल्यासारखी दिसते. ती हसली नाही आणि रडलीही नाही. ताटं उचलून आत गेली. रसेल नदीवर कोळशाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर असतो. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी. म्हणजे अर्धं वर्ष घरात आम्ही दोघीच.

नोव्हेंबरात माझे पाय सुजले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून श्वास घ्यावा लागायला लागला. डार्लाने मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. तो म्हणाला, हृदय थकलंय, दारू पूर्ण बंद. मी त्याला म्हटलं, रविवारचा एक ग्लास म्हणजे दारू नव्हे, आणि तो बंद होईल त्या दिवशी तुम्हीच माझी शवपेटी मागवा. गाडीत बसल्यावर डार्लाला बजावलं, की हे गावात कोणालाही कळता कामा नये. चौतीस वर्षांत मी एक दिवस आजारपणाची रजा घेतली नव्हती. लोकांनी माझ्या दारात सूप घेऊन यावं हे मला जमणारं नव्हतं. ती "बरं" म्हणाली. सगळ्या रस्त्यात तेवढंच बोलली.

त्या रविवारच्या ग्लासाचं सांगते, नाहीतर म्हातारीला चटक लागली होती असं वाटायचं. एकेचाळीस वर्षं दर रविवारी चर्चमधून आलं की अल्विन बाह्या सरसावायचा आणि व्हिस्कीचे दोन ओल्ड फॅशन्ड ग्लास बनवायचा, एक माझा आणि एक त्याचा. जाड बुडाचा ग्लास. त्यात साखरेचा एक चौकोनी खडा, खड्यावर कडू अर्काचे तीन थेंब आणि एक चमचा पाणी. मग तो लाकडी दांडक्याने हळूहळू चेचायचा, साखरेची करकर थांबेपर्यंत. घाई केली तर साखर तळाशी बसते आणि शेवटचा घोट सरबत होतो. मग दोन बोटं व्हिस्की, बर्फाचा एकच मोठा खडा आणि वरून संत्र्याची साल पिळायची. बास. आजकाल लोक त्यात लाल चेरी टाकतात. अशा लोकांशी मी बोलत नाही.

ते दांडकं अल्विनने फुटक्या पिंपाच्या फळीतून स्वतः कोरलं होतं. ओकचं लाकूड, आत व्हिस्की मुरलेली. तो गेल्यावर मी ते माझ्या खणात ठेवलं आणि रविवारचा ग्लास स्वतः बनवायला लागले. डार्लाने एकदा ते धुवायला घेतलं तर मी तिच्या हातातून काढून घेतलं. साबण लावणार होती.

तर डॉक्टरकडे जाऊन आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी बाटली काढली आणि सवयीने हलवली. बारीक फेस आला.

आमच्या गावात यापेक्षा मोठी लाज नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका गुत्तेवाल्याने बाटलीत पाणी घातलं होतं, त्याच्या नातवाला लोक अजून नळ म्हणून हाक मारतात. मी ग्लास बनवला, प्यायले आणि ठरवलं की हिला अशी सोलते की टेनेसीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. फक्त रंगेहाथ पकडायची होती.

गुरुवारी दुपारी मी झोपल्याचं सोंग घेतलं आणि पायमोज्यांवर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. डार्ला पाठमोरी उभी होती. पाणी उकळून, गार करून, स्वच्छ फडक्यातून गाळून घेतलं होतं तिने, बाळाचं दूध करावं तसं. चमच्याने बाटलीत घालत होती. दोन चमचे घातले की स्वतः थेंबभर चाखायची. जन्मात दारूला न शिवलेली बाई. डोळ्यांतून पाणी यायचं, जीभ ॲप्रनला पुसायची, आणि परत चाखायची. चव फार पडली तर मला कळेल म्हणून. मधेच खिडकीकडे बघून तिचे ओठ हलत होते. देवाची माफी मागत असावी.

मी आले तशी परत गेले आणि पलंगावर बसून राहिले.

माझ्यासाठी असं पाप करणारं कोणी नव्हतं. माझी आई नाही, आणि अल्विनसुद्धा नाही, तो भला माणूस होता पण पाप करायचं त्याच्या डोक्यातच यायचं नाही. ही मात्र दर गुरुवारी करत होती, आणि एका अक्षराने त्याबद्दल बोलत नव्हती. मी गप्प बसले. हिवाळाभर गप्प बसले. एवढं गप्प मी आयुष्यात कधी बसले नव्हते. दर आठवड्याला बाटली थोडी जास्त फिकी व्हायची आणि मी तोंड वाकडं न करता प्यायचे. मार्चपर्यंत मी जिना एका दमात चढायला लागले. तेही तिला सांगितलं नाही.

मे महिन्यात अल्विनला जाऊन सहा वर्षं झाली. त्या तारखेच्या जवळच्या रविवारी त्याच्या गोदामातले दोन सोबती येतात, लेलँड आणि पायस. दोघंही ऐंशीच्या घरात. दर वर्षी लेलँड बाटली आणतो, मी ग्लास बनवते, आणि ते दोघं मी हजार वेळा ऐकलेल्या त्याच गोष्टी सांगतात. या वर्षी लेलँड बाटली घरी विसरून आला. पायस म्हणाला, विसरला नाही, स्वतःच संपवली असेल. मी म्हटलं थांबा, शेजारून घेऊन येते, आणि आत संत्र्याची साल काढायला गेले. शेजारून आणते म्हटलं ते नुसतं वेळ काढायला. माझ्या कपाटात एकच बाटली होती आणि तिच्यात काय होतं ते मला ठाऊक होतं.

डार्ला तेवढ्यात तिच्या चर्चमधून आली. डोक्यावरची हॅटही काढली नव्हती. पाहुण्यांपुढे रिकामं टेबल बघून बिचारीला लाज वाटली. साखर, अर्क, त्यात चव लपेल, म्हाताऱ्यांना काय कळणार, असा तिने हिशोब केला असणार. प्यायच्या आधी ते बाटली हलवतील हे तिच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. मी ट्रे घेऊन पडवीत आले तर माझी बाटली टेबलाच्या मधोमध, शेजारी खारा हॅम आणि मक्याचा पाव, आणि डार्ला हात पुसत उभी.

लेलँडने बाटली उचलली. आडवी धरली. झटका दिला.

काठाला बारीक फेस रेंगाळला. मग त्याने ती पायसकडे दिली. पायसनेही हलवली.

पायस जिभेचा तिखट. तो म्हणाला, "डार्ला, तुम्ही बाप्टिस्ट लोक बाप्तिस्म्याला माणसं अख्खी पाण्यात बुडवता हे ऐकून होतो. बाटल्याही बुडवता होय?"

डार्लाचा चेहरा हॅमसारखा लाल झाला. लेलँड मात्र हसला नाही. त्याने खुर्ची माझ्याकडे ओढली आणि हळू आवाजात, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "इमेल्डा, हे थट्टेचं नाही. घरात कोणीतरी चोरून पितंय आणि वरून नळाखाली बाटली धरतंय. रसेल तर बोटीवर आहे."

म्हणजे उरलं कोण? मी पाद्रीपुढे बसते तशी सरळ बसले. लेलँडची बायको चर्चच्या बायकांना संध्याकाळच्या आत सांगणार. बुधवारपर्यंत ती गोष्ट बाप्टिस्टांकडे पोचणार. आणि डार्ला त्यांच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. मला तिच्या हॅटवरचं कापडी फूल थरथरताना दिसत होतं.

तिने तोंड उघडलं. "मी..."

"डार्ला, साल आत राहिली. घेऊन ये," मी म्हटलं. साल माझ्या ट्रेमध्ये होती. तिने ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. जाळीच्या दारामागेच उभी राहिली, तिची सावली दिसत होती.

मग मी लेलँडला सांगितलं, "पाणी मी घातलंय."

"तू?"

"माझं हृदय बिघडलंय. नोव्हेंबरपासून. डॉक्टर बंद कर म्हणाला, मी ऐकलं नाही, म्हणून पाणी घालून पिते. ती पोरगी मला दर महिन्याला डॉक्टरकडे नेते, गोळ्या मोजून देते, आणि माझी बोलणी खाते. तिच्याबद्दल परत असलं काही बोललास तर तू पिऊन गोदामातल्या पिंपावर झोपला होतास त्या दिवसाची गोष्ट तुझ्या बायकोला सांगेन."

एवढं बोलायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त धाप लागली. ती त्यांनी बघितली. सहा महिने मी जे झाकून ठेवलं होतं ते त्या पडवीत सगळ्यांपुढे पडलं. लेलँडने डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

मग लेलँड म्हणाला, "बनव तर. आहे त्यातच बनव."

मी तीन ग्लास बनवले. साखर करकर थांबेपर्यंत चेचली. पायसने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, इतकी वाईट मी सैन्यातही प्यायलो नव्हतो, अजून एक दे. मग नेहमीच्या गोष्टी सुरू झाल्या. चार वाजता ते गेले. जाताना लेलँड जाळीच्या दाराशी थांबला आणि डार्लाला काहीतरी म्हणाला. काय ते मी विचारलं नाही. तिने मान हलवली.

मी आत गेले तर ती मोरीपाशी उभी होती. बाटली उपडी करून धरली होती, राहिलेलं सगळं ओतून टाकत होती.

"आई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात," ती म्हणाली. "रविवारी."

"शनिवारी पापं कबूल करताना पाद्रीला सांगेन. माझ्या यादीत बरंच आहे, त्यात खपून जाईल."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती मोरीच्या काठाला धरून उभी राहिली. मग तिच्या खांद्यांवरून कळलं की ती रडत होती. लग्न होऊन आल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मला अशा वेळी काय करायचं ते येत नाही. मी खण उघडला, अल्विनचं दांडकं काढलं, आणि तिच्या ओल्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, नवीन बाळ धरावं तसं, आणि साबणापासून लांब केलं.

मी म्हटलं, "ऐक. पुढच्या रविवारपासून ग्लास तू बनवायचास. व्हिस्की एक बोट घाल, पाणी हवं तेवढं घाल, मी पिईन आणि तोंड वाकडं करणार नाही. पण पाणी ग्लासात, साखरेवर, माझ्या डोळ्यांसमोर. बाटलीत नाही. या घराच्या बाटलीत पाणी पडत नाही, आणि तू या घरची आहेस."